सोबत कोण?

मी मुळातच भित्री. गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं की अजूनही घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करते. लिफ्टमध्ये एकटी पाऊल टाकत नाही. त्यामुळे आमच्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी जेव्हा जाहीर केलं की रेकॉर्ड विभागातल्या प्रत्येकाने डेटाबेस शिकायचा आणि ज्याला जमणार नाही त्याने दुसरं काम बघायचं, तेव्हा मी त्याच दिवशी क्लास शोधायला लागले. वयाची चाळिशी उलटलेली बाई मी. आयुष्यभर फायली लावल्या, पेशंटचा नंबर सांगितला की फाईल काढून दिली. आता म्हणे फाईल विसरा. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. सोमाटण्याहून बसने गेलं की पोचता येतं, एवढं पुरे.

क्लास रविवारी, लोणावळ्याला, तुंगार्लीत. एक निवृत्त सर आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात शिकवायचे. तलावाकडे निघालेले पर्यटक नेमकी त्यांच्या फाटकासमोर गाडी लावायचे. सर शिकवता शिकवता उठून त्यांची खरडपट्टी काढायचे आणि परत येऊन विचारायचे, "हं, कुठे होतो आपण?" आपण कुठे आहोत हे मला तरी कुठे ठाऊक असायचं. बाकीची मुलं माझ्या भाच्यांच्या वयाची. ती मान डोलवायची म्हणून मीही डोलवायची.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "एका क्वेरीत, म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमात, अट लिहायची विसरलात, तर हजारो पेशंटांची जन्मतारीख एका क्षणात एकच होऊन बसेल. आणि मशीन तुम्हाला विचारणारसुद्धा नाही." असं कोणी पहिल्या दिवशी सांगतं का? माझी पाचावर धारण बसली. त्यानंतर कित्येक आठवडे मी एंटरचं बटण दाबण्याआधी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. हळूहळू मात्र थोडं थोडं डोक्यात शिरायला लागलं. टेबल म्हणजे डबा, डाळीच्या डब्यात डाळच ठेवायची, साखर ओतायची नाही. दोन डब्यांना जोडणारा नंबर जपायचा. लाखभर ओळी पहिल्यापासून चाळत बसण्यापेक्षा आधी सूची करून ठेवायची, म्हणजे मशीन थेट त्या पानावर जातं. हे मला पटलं, कारण फायलींच्या मांडण्यांवर मी इतकी वर्षं तेच करत आले होते.

एका रविवारी सर मोकळ्या रकान्यांबद्दल बोलले. "मोकळा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे," ते म्हणाले. "मोकळा म्हणजे आपल्याला माहीत नाही. तुझ्या हॉस्पिटलात जाऊन बघ, कुठे 'माहीत नाही'च्या जागी 'नाही' बसलंय का." मुलं वहीत लिहून घेत होती. मी लिहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या जुन्या फायली आल्या.

सोमवारी आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडून सरावासाठी पेशंटांच्या टेबलाची नक्कल मागून घेतली. नावं, फोन, पत्ते काढून टाकलेली. त्यात औषधांच्या ऍलर्जीचा रकाना होता. मी साधी क्वेरी लिहिली: ह्या रकान्यात काय काय लिहिलंय आणि किती जणांच्या पुढे. जुन्या कागदी फायलींवरून कॉम्प्युटरात चढवलेल्या पेशंटांमध्ये मोकळा रकाना एकही नव्हता. सगळ्यांच्या पुढे 'नाही'. जुन्या फायलींत हा प्रश्न छापलेलाच नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मग हे 'नाही' आलं कुठून?

मी सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, रकाना मोकळा राहिला की सिस्टीम पुढे जाऊ देत नव्हती. म्हणून सगळीकडे आपोआप 'नाही' टाकलं. चालतंय की."

चालतंय म्हणे. त्या दिवसापासून वॉर्डातून जाताना मला धड चालवेना. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी कार्ड, कार्डावर 'ऍलर्जी: नाही', आणि त्यातलं कुठलं खरं, कुठलं कुणालाच न विचारता छापलेलं, ते कार्डाकडे बघून कळायला मार्ग नाही. मी वरिष्ठांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अहो, औषध देण्याआधी डॉक्टर पुन्हा विचारतातच. तुम्ही जरा जास्तच घाबरता." पुढे तो रकाना बदलला, आता तिथे 'विचारलेलं नाही' असंही निवडता येतं, पण ते नंतरचं. त्या वेळी मी मनाची समजूत घातली. डॉक्टर विचारतात हे खरंच होतं. लोक विचारल्यावर खरं सांगतात, हेही मी धरूनच चालले होते.

आणि अशात आईच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. ऑपरेशन ठरलं, अर्थातच आमच्याच हॉस्पिटलात. तिचं नाव आमच्याकडे आधीपासून होतं, पूर्वी मनगट मोडलं तेव्हाची जुनी कागदी फाईल. मी स्क्रीन उघडली. ऍलर्जी: नाही.

त्याच संध्याकाळी कार्ल्याला माहेरी गेले. आई ओट्यावर लसूण सोलत होती, आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी बाजेवर, वहिनी चुलीपाशी. मी विचारलं, "आई, तुला कधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का? इंजेक्शनचा, गोळीचा, कशाचाही?"

"न्हाई."

आता आमच्या आईचं हे 'न्हाई' सांगायला पाहिजे. तिला काहीही विचारा, पहिलं उत्तर तेच. चहा घेतेस? न्हाई. दमलीस? न्हाई. मनगट मोडून हात लोंबत होता तेव्हाही दुखतंय का म्हटल्यावर न्हाईच म्हणाली होती. आमच्याकडच्या त्या वयाच्या सगळ्या बायका अशाच, बाईमाणसाने दुखणं तोंडावर आणायचं नाही असं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पण ह्या वेळी एक गोष्ट मला टोचली. उत्तर देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आबांकडे पाहिलं.

"अगं, नीट आठव," मी म्हटलं.

"न्हाई म्हनलं ना एकदा. तू त्या हॉस्पिटलात ऱ्हाऊन येडी व्हायला लागलीयास."

आबा हसले. वहिनी हसली. मी हसले नाही. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला चांगलंच झापलं, की बये, आई न्हाई म्हणतेय तर न्हाई. भीतीला खायला घालशील तेवढी ती वाढेल.

क्लासमध्ये तेव्हा डेटा मायनिंग चालू होतं. नाव भारदस्त, पण सरांनी सांगितलं ते सोपं होतं. एक रकाना घ्यायचा, तो दुसऱ्या रकान्यानुसार फोडायचा आणि बघायचं, कुठे काही हलतंय का. मी अर्थातच ऍलर्जीचा रकाना घेतला, फक्त नव्या पेशंटांचा, ज्यांना काउंटरवर हा प्रश्न खरोखर विचारला गेला होता. वयानुसार फोडला, गावानुसार फोडला, ऋतूनुसार फोडला. विशेष काही हाती लागलं नाही. सर म्हणाले, "सगळे ज्याच्याकडे बघतात तो रकाना सोड. ज्याला कुणी विचारत नाही तो घे."

आमच्या फॉर्मवर 'सोबत कोण' असा एक रकाना आहे. नवरा, सासू, मुलगा, आई, बहीण, कुणी नाही. ऑपरेशन झालं की कुणाला हाक मारायची, एवढ्यापुरता त्याचा उपयोग. मी बायकांच्या नोंदी त्यावर फोडल्या.

नवऱ्यासोबत किंवा सासूसोबत आलेल्या बायकांपुढे 'नाही'ची नुसती रांग. आईसोबत, बहिणीसोबत किंवा एकट्या आलेल्या बायकांमध्ये मात्र 'आहे' दिसायला लागलं. एक, मग अजून एक, मग बऱ्याच. वय तेच, गावं तीच, काउंटरवरची मुलगीही तीच. फरक एवढाच की शेजारी कोण उभं होतं.

मला वाटलं माझंच काही चुकलंय. सर नेहमी बजावायचे की नवल वाटेल असं उत्तर आलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. मी टेबलांची जोडणी तपासली, दोनदा मोजल्या गेलेल्या नोंदी काढल्या, पुन्हा चालवली. उत्तर तेच. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक नाहीये." मग फाटकासमोर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं तरी ते उठले नाहीत.

मी घाबरले ती बायकांच्या रांगेमुळे नाही. आई जन्मात कधी डॉक्टरकडे एकटी गेली नव्हती. आबा तिला एकटीला पाठवायचेच नाहीत. गावात लोक त्यावरून त्यांना चिडवायचेसुद्धा, की म्हातारा बायकोची सावली झालाय. ते प्रेमच होतं, आणि त्या दिवशी त्या प्रेमाचीच मला भीती वाटायला लागली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला भरती केलं. मी दिवसभर तिला एकटीला गाठायच्या मागे होते. आबा खाटेशेजारच्या स्टुलावरून हलतील तर शपथ. जेवायला जा म्हटलं, तर वहिनीने डबा दिला होता. घरी जाऊन आंघोळ करून या म्हटलं, तर म्हणाले, "मला काय लगीन हाय का आज?" आईला बाथरूमला नेलं तर दारात येऊन उभे. त्या माणसावर रागवायचं तरी कसं?

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, पण प्रश्न सावकाश विचारायच्या. दमा? न्हाई. बीपी? न्हाई. आधी कुठलं ऑपरेशन? न्हाई. "आजी, कुठल्या औषधाने कधी अंगावर पुरळ, सूज, श्वास लागणं?"

आईने आबांकडे पाहिलं. "न्हाई."

डॉक्टरबाईंनी खूण केली आणि पान उलटलं. मी म्हटलं, "आबा, जरा खाली जाऊन चहा घेऊन या."

"मला नको चा."

"आईसाठी आणा."

"तिला उपाशी ठिवलीया की. तूच म्हनलीस ना, पानी बी द्यायचं न्हाई म्हून?"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझा तोल गेला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "आबा, उठा म्हणते ना. बाहेर जा, आणि मी बोलवेपर्यंत आत येऊ नका." माझ्या वडिलांशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी टोपी हातात घेतली, एकदा आईकडे पाहिलं आणि निघून गेले. चप्पल फरफटवत जाणारे त्यांचे पाय पाहून मला रडू आलं.

"काय चाललंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"शेवटचा प्रश्न परत विचारा."

त्यांनी विचारला. आई छताकडे बघत होती. पलीकडच्या खाटेवरची बाई कूस बदलून आमच्याकडे बघायला लागली. मी पडदा ओढला. आई पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"व्हय," ती म्हणाली.

"कधी?"

"हिच्या वेळंला." माझ्याकडे हनुवटी केली. "म्हायेरी बाळंतपन. नर्सबाईनं ताप आला म्हून सुई टोचली. आन सगळं आंग फुगलं. डोळं मिटलं. श्वास आत जाईना. मला वाटलं, मी चालले. मंग डाक्टरनं आनखी कायतरी टोचलं, तवा वाचले. म्हनले, ह्ये औषिद पुन्ना घ्यायचं न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"माझी आय म्हनली, सासरी चकार शब्द काढू नको. पोरगी दुखनाईत निघाली म्हनत्याल, न्यायला यायचे न्हाईत. पयली पोरगी झालीया, त्यात ह्ये. तुला पदरात घिऊन मी कुटं गेले असते?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आन येकदा न्हाई म्हनल्यावर मंग व्हय कसं म्हनायचं?"

मला तिचा इतका राग आला की तिचा हात धरला होता तो सोडला. एवढं पोटात ठेवून ही बाई इथे आडवी झाली होती. मरायला तयार होती, पण ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याच्यासमोर एक शब्द बोलायला तयार नव्हती. आणि हे सगळं माझ्यापायी. मग राग गेला आणि नुसती भीती राहिली, आणि मी तिचा हात परत धरला.

डॉक्टरबाईंनी कागद पुढे घेतला आणि एका ओळीवर रेघ मारली. "ते इंजेक्शन बहुतेक कुठलं असेल ते कळतंय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनआधी जे द्यायचं ठरलं होतं, ते त्याच घराण्यातलं. थोडं टोचून बघतो आम्ही आधी, पण तेवढ्यावर सगळं सोडून चालत नाही." त्यांनी दुसरं औषध लिहिलं आणि ते सांगायला स्वतः आत गेल्या.

"ह्यांना सांगशील?" आईने विचारलं.

"तू सांग, बरी झालीस की."

तिला आत नेलं. मी धावत खाली जाऊन तिची नोंद उघडली. नंबर वाचला, पुन्हा वाचला, बोट ठेवून आकडा न आकडा वाचला, आणि मग तिच्या नावापुढचं 'नाही' काढून 'आहे' केलं.

वर आले तर आबा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. माफी कशी मागायची ते सुचेना. तेच म्हणाले, "सांगितलं का तिनं?"

"काय?"

"काय असंल त्ये. मला नको सांगू. तुमाला सांगितलं ना, झालं तर मग."

आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो. दार उघडलं की मी मान उंचावायची, आणि दरवेळी दुसऱ्याच कुणाची तरी ट्रॉली बाहेर यायची. एकदा कोणीतरी धावत आत गेलं. मी उठून उभी राहिले. आबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. त्यांचा तळवा गार होता आणि ओला होता.

शेवटी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं सगळं नीट. आजी शुद्धीवर येतायत. थोड्या वेळाने भेटा." मी बाकाची कड धरून रडले, लाज न बाळगता. आईला काही झालं नव्हतं. ती हयात होती आणि थोड्या वेळाने कुणीतरी तिला विचारणार होतं की दुखतंय का, आणि ती न्हाई म्हणणार होती.

आबा उठले नाहीत. मला वाटलं दमले असतील. ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ती आत हाय तवर सांगतो. मला छातीत आवळतं."

"कधीपासून?"

"भाताच्या लावनीपास्नं. चढ लागला की आवळतं, ह्यो हात जड पडतो. मंग थांबलं की जातं." ते डावा दंड चोळत होते. "आत्ता मगाधरनं थांबंना. तिला कळू दिऊ नको. ती आधीच भेदरल्याली हाय."

मगाशी मी त्यांना उठवून हाकलून दिलं होतं, जिन्यावरून खाली, जिन्यावरून वर. मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून कॅज्युअल्टीत कसं नेलं ते मला आठवत नाही. तिथल्या डॉक्टरांनी शर्टाची बटणं सोडायला लावली, वायरी जोडायला घेतल्या आणि विचारायला सुरुवात केली. किती दिवसांपासून? कितीदा? कधी चक्कर येऊन पडलात का?

आबांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं होतं, तसंच.

"न्हाई," ते म्हणाले.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मी बाहेर थांबते. मी गेले की परत विचारा." पडदा बाजूला करून बाहेर आले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारलेला मला नीट ऐकू आला. मग आबा बोलायला लागले, हळू आवाजात, आणि बराच वेळ बोलत राहिले.